डायलिसिसवर असलेल्या माणसाचे मन कोणी सांभाळायचे?

घाटमाथा | ४ जुलै, रात्री ९.४०

माझे वडील पासष्टीचे आहेत. एसटीच्या आगारात त्यांनी हयात घालवली आणि हेड मेकॅनिक म्हणून ते निवृत्त झाले. मधुमेह जुना होता. त्यातून मूत्रपिंडे निकामी होत गेली आणि या वर्षीच्या सुरुवातीपासून आठवड्यातून तीन वेळा हिमोडायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करून घेणे, करावे लागत आहे. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसल्यामुळे पैशांचा घोर बराचसा कमी झाला. पायांवरची सूज उतरली, धाप लागायची थांबली, जेवणही थोडे जाऊ लागले. कागदावर पाहिले तर सगळे सुधारले आहे.

माणूस मात्र गप्प झाला आहे. पूर्वी गल्लीत कोणाची दुचाकी बंद पडली की पहिली हाक आमच्या दारात येत असे. आता कोणी भेटायला आले तरी बाबा उठून आतल्या खोलीत जातात. केंद्रावरून घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. आईला एकदाच म्हणाले, "माझ्यापायी तुम्ही सगळे अडकून पडलात." त्यानंतर तो विषय त्यांनी पुन्हा काढू दिला नाही.

डॉक्टर भले आहेत, पण त्यांची फेरी रिपोर्ट पाहण्यात संपते. तंत्रज्ञ यंत्र पाहतात. परिचारिका मात्र चार तास समोर असते. म्हणून मला मनापासून विचारायचे आहे की, रुग्णाच्या मनाची ही बाजू नेमकी कोणाच्या कामात मोडते? तुमच्या घरात किंवा तुमच्या कामाच्या ठिकाणी परिचारिकेच्या कोणत्या वागण्याने, कोणत्या बोलण्याने फरक पडला? आणि घरच्यांनी काय करावे, काय करू नये?

अंगणवेल | ४ जुलै, रात्री १०.१५

वाचून वाईट वाटले. वडिलांच्या हातात फिस्टुला (सुया टोचण्यासाठी धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडतात तो) तयार झाला आहे की अजून मानेतल्या नळीवरच डायलिसिस चालू आहे? माझ्या मामांच्या मानेत नळी होती तोपर्यंत ते आरशासमोर उभे राहत नव्हते आणि नातवालाही जवळ येऊ देत नव्हते. नळी निघाल्यावर त्यांच्यात पुष्कळ बदल झाला.

घाटमाथा | ४ जुलै, रात्री १०.३२

फिस्टुला झाला आहे आणि गेल्या महिन्यापासून त्याच हातावर सुया टोचतात. तो डावा हात ते सतत उपरण्याखाली झाकून ठेवतात.

दुसरी_पाळी | ५ जुलै, दुपारी ३.०५

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी डायलिसिस विभागात परिचारिका आहे. पाळी संपल्यावर सविस्तर लिहायचे ठरवले होते, म्हणून उशीर झाला.

आधी एक गोष्ट तपासून पाहा. वडील भिंतीकडे तोंड करून पडतात ते डायलिसिसच्या दिवशी की मधल्या दिवशीही? चार तासांत शरीरातून दोन-तीन लिटर पाणी काढले की रक्तदाब खाली येतो, पायांत गोळे येतात आणि घरी पोहोचल्यावर माणूस गळून जातो. काहींना तरतरी यायला दुसरा दिवस उजाडतो. हा थकवा घरच्यांना रुसल्यासारखा किंवा खचल्यासारखा दिसतो. रक्त कमी असेल, रात्री पाय वळवळत असतील, अंगाला खाज सुटून झोप मोडत असेल, तरीही माणूस चिडचिडा आणि अबोल होतो. या प्रत्येकावर काही ना काही उपाय आहे, पण रुग्ण स्वतःहून सांगत नाही, कारण "आता हे असेच चालायचे" असे त्याने धरून ठेवलेले असते. म्हणून मधल्या दिवशी ते कसे असतात याकडे नीट लक्ष द्या. त्या दिवशीही मन कशात लागत नसेल, तर विषय वेगळा आहे.

तुम्ही विचारले आहे की परिचारिकेच्या कोणत्या बोलण्याने फरक पडतो. "कसे वाटते?" असे विचारले की "बरे आहे" एवढेच उत्तर येते, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. त्याऐवजी मी विचारते की काल रात्री किती वेळा जाग आली, तहान नेमकी कोणत्या वेळी आवरत नाही, घरी सगळे जेवायला बसतात तेव्हा तुम्ही कुठे बसता. शेवटच्या प्रश्नाला एका आजोबांनी उत्तर दिले होते की, आपल्या ताटात वेगळे पाहून सुनेला वाईट वाटते, म्हणून ते आधीच जेवून घेतात. त्या एका वाक्यातून मला जे कळले ते त्यांच्या जाड फाईलमध्ये कुठेच नव्हते.

वजनाबद्दलही लिहिते. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन जास्त वाढले की आमच्यापैकी अनेक जण काट्यापाशीच सगळ्यांच्या देखत बोलतात, "पाणी प्यायलात ना? सांगून सांगून दमलो." साठी ओलांडलेल्या, घर चालवलेल्या माणसाला असे ऐकवले की तो दोनच गोष्टी शिकतो. एक म्हणजे खोटे सांगणे आणि दुसरी म्हणजे कोणाकडेही न पाहणे. खुर्चीजवळ बसून हळू आवाजात विचारले तर कारण हाती लागते. बहुतेक वेळा ते पाणी नसून मीठ असते. लोणचे, पापड, फरसाण किंवा बेकरीचे काही खाल्ले की तहान भडकते आणि मग पाण्याची मर्यादा पाळणे कोणालाच जमत नाही.

आणखी एक सुचवते. रोज सकाळी वडिलांना स्वतःच्या फिस्टुलावर बोटे ठेवून त्यातली थरथर जाणवते का ते पाहायला सांगा. ती जाणवली नाही तर ताबडतोब केंद्राला कळवायचे असते, त्यामुळे हे काम खरोखर महत्त्वाचे आहे. झाकून ठेवलेला हात दिवसातून एकदा तरी त्यांनी स्वतः हाताळला, तर तो हात हळूहळू पुन्हा त्यांचा होतो, असे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

कृष्णाकाठ | ५ जुलै, रात्री ८.५०

मी स्वतः बरीच वर्षे डायलिसिसवर आहे. दुसरी_पाळी यांचे बहुतेक म्हणणे मला पटले. सुया टोचताना मात्र मला कोणी बोललेले आवडत नाही. त्या वेळी माझे सगळे लक्ष हातावर असते. तिसरा तास सुरू झाला की जीव कंटाळतो, तेव्हा कोणी शेजारी येऊन दोन मिनिटे बसले तर बरे वाटते. म्हणून परिचारिकेने रुग्णाला एकदा विचारून घ्यावे की त्याला बोलायला कोणती वेळ बरी वाटते. मला आजवर एकाच सिस्टरने तसे विचारले आणि त्यांचे नाव मी विसरलेलो नाही.

घरच्यांसाठी सांगतो. "आजार स्वीकारा" हे वाक्य सुरुवातीला मी सगळ्यांकडून ऐकले. जणू एकदा स्वीकारले की काम संपते. प्रत्यक्षात दर थोड्या दिवसांनी काहीतरी नवे स्वीकारावे लागते. फिस्टुला बंद पडतो आणि दुसऱ्या हातावर शस्त्रक्रिया करावी लागते. प्रत्यारोपणासाठी पत्नी तयार असते, पण तिच्या तपासण्यांत काहीतरी निघते. लघवी उरलीसुरली होत असते, तीही थांबते आणि पाण्याची मुभा आणखी कमी होते. दर वेळी मन पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन उभे राहते. तेव्हा घरच्यांनी "आता तर सवय झाली असेल" असे म्हणू नये.

एक गोष्ट इथे कोणी बोलत नाही म्हणून मीच लिहितो. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ बसत. आमची पाळी एकच होती, त्यामुळे आठवड्यातले बारा तास आम्ही एकमेकांच्या हाताच्या अंतरावर असायचो. एका सोमवारी तिथे दुसराच माणूस बसला होता. विचारले तर "त्यांनी केंद्र बदलले" असे सांगण्यात आले. खरे काय ते मला वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीतून कळले. त्यानंतर कोणीही गैरहजर राहिले की माझ्या छातीत धस्स होते, मग तो केवळ गावी गेलेला असला तरी. आम्ही लहान मुले नाही. आम्हाला सांगावे.

नामस्मरण | ६ जुलै, सकाळी ७.२०

माझ्या आईला दीर्घ आजारात हरिपाठाचा मोठा आधार मिळाला. ती डायलिसिसच्या वेळी कानाला लावून अभंग ऐकत असे आणि वेळ कसा गेला ते कळत नाही असे सांगत असे. मन सकारात्मक ठेवले की शरीर साथ देते, असे मला वाटते. वडिलांना त्यांच्या आवडीचे काही ऐकण्याची सोय करून द्यावी.

कृष्णाकाठ | ६ जुलै, सकाळी ८.०५

नामस्मरण, तुमच्या आईंना जे लाभले त्याबद्दल मला आदर आहे आणि मीही कीर्तन ऐकतो. माझा आक्षेप "सकारात्मक राहा" या सल्ल्यापुरता आहे. हा सल्ला ऐकला की ज्या दिवशी मी सकारात्मक नसतो त्या दिवशी मला तोंड मिटून बसावे लागते, नाहीतर आजार वाढल्याचा दोषही माझ्याच माथी येतो.

रानजाई | ६ जुलै, दुपारी १.४०

माझे यजमान चार वर्षांपूर्वी डायलिसिसवर गेले, तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते. मी घरातल्या दुसऱ्या माणसाबद्दल लिहिते, कारण घाटमाथा यांच्या आईचा उल्लेख वाचून मला राहवले नाही.

आमच्याकडे बटाटा आणि पालेभाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या, ते पाणी ओतून टाकायचे आणि मग फोडणीला घालायच्या, म्हणजे त्यातले पोटॅशियम कमी होते. टोमॅटो बेतानेच वापरायचा. नारळपाणी बंद. डाळ मोजून. उपासाच्या दिवशी शेंगदाणे, बटाटा आणि रताळे सगळे वर्ज्य, म्हणून मी उपासच सोडले. पाणी दिवसाला किती ते ठरलेले असते. सकाळी एक बाटली भरून ठेवते आणि त्यातूनच चहा, गोळ्यांचे पाणी, ताक, सगळे. सायंकाळी बाटलीच्या तळाशी चार घोट उरलेले असताना त्यांनी मागितले की "नाही" म्हणणारी मीच असते. लग्नाला इतकी वर्षे झालेल्या माणसाला मी पाणी नाकारते, हे माझ्या मनाला किती लागते ते मी कोणाला सांगणार?

एका परिचारिकेने मला एके दिवशी बाहेरच्या बाकावर गाठले आणि विचारले, "ताई, तुम्ही आज जेवलात का?" मी तिथेच रडले. मग तिने यजमानांना समोर बसवून सांगितले की पाण्याची बाटली आजपासून तुमच्या ताब्यात, ताई राखण करणार नाहीत. पहिल्या आठवड्यात दोनदा गडबड झाली आणि वजन वाढले, पण ती ठाम राहिली. आता ते स्वतः मोजतात. आमच्या घरातली निम्मी भांडणे त्या एका निर्णयाने मिटली.

शेजारच्या खुर्चीबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. आमच्या केंद्रावर एक तरुण मुलगा गेला, तेव्हा सिस्टरनी यजमानांना स्पष्ट सांगितले. ते दोन दिवस धड जेवले नाहीत आणि पुढच्या वेळी केंद्रात जायला तयार होईनात. प्रत्येकाला सगळे सांगितलेच पाहिजे असे मला वाटत नाही.

दुसरी_पाळी | ६ जुलै, दुपारी ४.३०

रानजाई, कृष्णाकाठ, तुम्ही दोघांनी लिहिले ते आम्हाला प्रशिक्षणात कोणी शिकवले नव्हते. आमच्या विभागात आता असे ठरवले आहे की, शेजारी बसणाऱ्याने विचारले तर खोटे सांगायचे नाही, मात्र आजाराचे तपशील सांगायचे नाहीत. कोणी विचारले नाही तर आपण होऊन घाई करायची नाही, पण त्या दिवशी त्या रांगेत एकाने जास्त वेळ थांबायचे. हे सगळ्यांना पुरते असे मी म्हणणार नाही.

जाता जाता सर्वांसाठी एक सूचना करते. "कमी सोडियमचे मीठ" म्हणून जे पाकीट मिळते त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते धोक्याचे आहे. सैंधव म्हणजेही सोडियमच. तसेच कमरक (स्टारफ्रूट) हे फळ या रुग्णांनी एक फोडही खाऊ नये, कारण त्याने मेंदूवर परिणाम होतो.

खडू_फळा | ६ जुलै, रात्री ९.२५

मी परिचर्या महाविद्यालयात शिकवते. मूळ प्रश्न असा आहे की मनाची बाजू कोणाच्या कामात मोडते. आमच्या शास्त्राने त्याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. अमेरिकेतील परिचारिका आणि अभ्यासक सिस्टर कॅलिस्टा रॉय यांनी १९७०मध्ये जुळवून घेण्याविषयीची आपली मांडणी प्रसिद्ध केली. त्यांच्या मते आजारी माणूस चार अंगांनी परिस्थितीशी जुळवून घेत असतो. शरीर हे त्यातले एक अंग आहे. स्वतःविषयीची प्रतिमा, समाजातली आणि घरातली भूमिका, आणि माणसामाणसांतले परस्परावलंबन ही उरलेली तीन. परिचारिकेने चारही अंगांची पाहणी करावी आणि ज्या अंगात माणूस अडखळला आहे तिथे मदत करावी, हेच तिचे काम आहे.

घाटमाथा यांच्या वडिलांकडे या दृष्टीने पाहा. शरीराचे अंग सावरले आहे. झाकलेला हात प्रतिमेविषयी सांगतो. दारात आलेल्या माणसाला टाळणे भूमिकेविषयी सांगते, कारण ज्याच्याकडे लोक बंद पडलेली गाडी घेऊन येत, तो आता स्वतःच दुरुस्तीला बसलेला आहे. "तुम्ही अडकलात" हे वाक्य परस्परावलंबनाचे आहे, कारण आजवर देणारा हात आता घेणारा झाला आहे. अशा माणसाला दिलासा देण्यापेक्षा त्याला काहीतरी देता येईल, करता येईल अशी जागा शोधून द्यावी लागते. तरुण रुग्णांच्या बाबतीत यात पतिपत्नीच्या शरीरसंबंधांचाही प्रश्न येतो. त्यावर या आजाराचा आणि काही औषधांचा परिणाम होतो, तरीही आपल्याकडे ना डॉक्टर तो विषय काढतात ना परिचारिका, आणि नवराबायको वर्षानुवर्षे एकमेकांना दोष देत राहतात.

तुमचे वडील मेकॅनिक होते म्हणून एक माहिती देते. सिएटलमध्ये डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी मार्च १९६०मध्ये ज्या पहिल्या रुग्णावर दीर्घकाळ चालणारे डायलिसिस सुरू केले, ते क्लाइड शील्ड्स हे बोइंगच्या कारखान्यातले यंत्रकारागीर होते. त्याआधी डायलिसिस काही दिवसांपुरतेच करता येत असे, कारण दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. हातात कायम ठेवता येईल अशी नळी स्क्रिब्नर यांनी तयार केली आणि शील्ड्स त्यानंतर ११ वर्षे जगले.

वस्तुस्थिती | ७ जुलै, सकाळी १०.१०

खडू_फळा यांचा मान राखून मला विरोध नोंदवायचा आहे. वर्गात चार अंगे शिकवणे सोपे आहे. माझी बहीण डायलिसिस विभागात कंत्राटी परिचारिका आहे. एका पाळीत तिच्याकडे पाच यंत्रे असतात. एकाचा रक्तदाब खाली जातो, दुसऱ्याच्या यंत्राचा अलार्म वाजतो, तिसऱ्याची सुई सरकते, आणि मधल्या वेळेत योजनेचे अर्ज आणि फोटो संगणकावर चढवायचे असतात. अनेक केंद्रांत तर सुया टोचण्यापासून सगळे काम तंत्रज्ञच करतात आणि परिचारिका नावापुरती असते. अशा वेळी रुग्णाच्या मनाची जबाबदारीही तिच्यावर टाकली, तर ती न झाल्याचा ठपकासुद्धा तिच्यावरच येणार.

प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६मध्ये सुरू झाला आणि जिल्हा रुग्णालयांत यंत्रे आली, हे फार चांगले झाले. पण यंत्रे मोजली जातात तशी माणसे मोजली जात नाहीत. समुपदेशकाचे स्वतंत्र पद मागितले पाहिजे.

दुसरी_पाळी | ७ जुलै, दुपारी ३.५०

वस्तुस्थिती, तुमच्या बहिणीचा दिवस मी रोज जगते, त्यामुळे तुमचे म्हणणे मला नाकारता येणार नाही. समुपदेशकाचे पद हवेच. मात्र ते पद मिळेपर्यंत, आणि मिळाल्यानंतरही, सुई माझ्याच हातात असणार आहे. मी सुई टोचताना गप्प राहिले, घाईत राहिले किंवा ओरडले, तर त्याचाही मनावर परिणाम होतोच. म्हणून हे माझे काम नाही असे मला म्हणता येत नाही. माझी मागणी अशी आहे की हे काम आहे असे मानले जावे, त्यासाठी वेळ धरला जावा आणि नोंदवहीत रक्तदाबाच्या रकान्याशेजारी त्याला एक रकाना असावा.

टेम्सपार | ७ जुलै, सायंकाळी ६.३०

मी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ राहते. माझे पती इथल्या केंद्रात डायलिसिस घेतात. इथे मूत्रपिंड विभागाच्या चमूत मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ता असतात. तरी मानसशास्त्रज्ञाच्या भेटीसाठी बरीच वाट पाहावी लागते, त्यामुळे इथेही सगळे आलबेल आहे असे समजू नये.

मला उपयोगी वाटली ती दुसरीच पद्धत. यॉर्कशायर भागात रुग्णाने आपल्या डायलिसिसमधली जमेल तेवढी कामे स्वतः करावीत यासाठी परिचारिका त्याला शिकवतात. कोणी फक्त स्वतःचे वजन आणि रक्तदाब घेऊन नोंदवतो, कोणी यंत्राला नळ्या जोडतो, आणि काही जण तर स्वतःच्या सुया स्वतः टोचतात. कुठे थांबायचे ते रुग्ण ठरवतो. माझ्या पतींनी वजनापासून सुरुवात केली. यंत्रावरचे आकडे कळू लागल्यावर ते परिचारिकेला प्रश्न विचारू लागले, आणि त्या प्रश्नांतूनच त्यांचे बोलणे परत आले. घाटमाथा, तुमच्या वडिलांचे आयुष्य यंत्रांत गेले आहे. त्यांना त्या यंत्राबद्दल कोणी काही सांगितले आहे का?

उंबरठा | ७ जुलै, रात्री १०.००

मी मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करतो. आतापर्यंतच्या चर्चेत एक भेद सुटला आहे, तो मांडतो. दुःख होणे, राग येणे, गप्प होणे ही मोठ्या बदलाला मनाने दिलेली स्वाभाविक प्रतिक्रिया आहे आणि तिला वेळ, माणसे व काम यांनी उतार पडतो. नैराश्य हा मात्र आजार आहे आणि त्यावर उपचार करावे लागतात. नीट मुलाखत घेऊन निदान केले तर डायलिसिसच्या साधारण पाच रुग्णांमागे एकाला नैराश्य आढळते. तरीही ते ओळखले जात नाही, कारण थकवा, भूक मंदावणे आणि झोप बिघडणे ही लक्षणे नैराश्यात आणि मूत्रपिंडाच्या आजारात सारखीच दिसतात. म्हणून मी शरीराच्या लक्षणांवर भर न देता असे विचारतो की, पूर्वी ज्यात आनंद वाटत होता त्यात आता वाटतो का, स्वतःला ओझे समजता का, पुढचे काही दिसते का. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी आहे. ती मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते आणि प्रशिक्षण घेतलेली परिचारिका ती खुर्चीजवळ बसून सहज भरून घेऊ शकते.

उपचार खुर्चीवरच करता येतात, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत डायलिसिस चालू असतानाच रुग्णांना विचार व वर्तन यांवर आधारलेली मानसोपचार पद्धती देण्यात आली आणि तिची तुलना सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या औषधाशी करण्यात आली. १२ आठवड्यांनंतर दोन्ही गटांतले नैराश्य कमी झाले होते. औषधाच्या गटात ते थोडे अधिक कमी झाले, पण त्या गटात त्रासही अधिक नोंदवले गेले. मूत्रपिंडाच्या रुग्णाला औषध मनाने सुरू करू नये. मानसोपचारतज्ज्ञ आणि मूत्रपिंडतज्ज्ञ यांनी मिळून ते ठरवावे.

रुग्ण डायलिसिस चुकवू लागला, "हे बंद करा", "मला सोडवा" असे म्हणू लागला किंवा निरवानिरवीची भाषा करू लागला, तर ते त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. "असे बोलू नये" म्हणून त्याला गप्प करू नये. शांतपणे विचारावे की, जीव नकोसा वाटतो का? असे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट माणसाला बोलता येते. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. घरची माणसेही तिथे फोन करू शकतात.

अंगणवेल | ८ जुलै, सकाळी ८.३०

उंबरठा यांच्या प्रतिसादाची छापील प्रत मी मामांच्या केंद्रातल्या सिस्टरना देणार आहे. त्यांनीच काल विचारले होते की अशा रुग्णाला नेमके काय विचारायचे असते.

घाटमाथा | १३ जुलै, रात्री ९.१५

इतक्या लोकांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. काय घडले ते सांगतो.

मधल्या दिवसांकडे लक्ष दिले. त्या दिवशीही बाबा दुपारपर्यंत पडूनच असतात आणि रात्री पाय चोळत बसतात, हे आईने मला पहिल्यांदाच सांगितले. पायांचे आणि झोपेचे डॉक्टरांच्या कानावर घातले. त्यांनी रक्ताच्या तपासण्या पुन्हा करायला लावल्या आहेत आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण विभागासाठी चिठ्ठीही दिली आहे. बाबांनी चिठ्ठी पाहिली आणि घडी करून खिशात ठेवली. जाणार की नाही ते अजून बोलले नाहीत.

टेम्सपार यांचा प्रतिसाद मी केंद्रातल्या सिस्टरना वाचून दाखवला. त्यांनी बाबांना एक वही दिली आणि आधीचे वजन, नंतरचे वजन, रक्तदाब आणि किती पाणी काढले, हे तुम्हीच लिहा असे सांगितले. पहिल्या दिवशी त्यांनी वही उघडलीच नाही. दुसऱ्या वेळी सिस्टरनी स्वतः आकडे लिहिले, तर बाबांनी त्यात एका बेरजेची चूक दाखवली. तिसऱ्या वेळी अलार्म वाजला तेव्हा त्यांनी तंत्रज्ञाला विचारले की हा दाब नळीच्या कोणत्या बाजूचा आहे. तंत्रज्ञाने दहा मिनिटे उभे राहून रक्ताचा पंप, गाळणी आणि हवेचा बुडबुडा पकडणारा भाग त्यांना समजावून सांगितला. घरी ते अजूनही फारसे बोलत नाहीत. हातावर उपरणे आहेच.

आता माझा दुसरा प्रश्न आहे. पुढच्या महिन्यात चुलतबहिणीचे लग्न सोलापूरला आहे. बाबांनी "मी कुठे येणार?" एवढेच म्हटले. त्यांना नेता येईल का?

वस्तुस्थिती | १३ जुलै, रात्री ९.४०

त्या तंत्रज्ञाने दहा मिनिटे दिली, हे वाचून बरे वाटले. माझ्या बहिणीलाही दाखवले. आमच्याकडे एक-दोघांना अशी वही देऊन पाहते, असे ती म्हणाली.

रानजाई | १३ जुलै, रात्री १०.०५

अवश्य न्या. आम्ही दरवर्षी दिवाळीला गावी जातो. लग्नाच्या पंगतीत वाढणारा आग्रह करतो आणि आजारी माणसाला सर्वांदेखत कारण सांगावे लागते, ते त्यांना फार लागते. म्हणून एका भावाला त्यांच्या शेजारी बसवा आणि वाढणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

कृष्णाकाठ | १४ जुलै, सकाळी ७.५०

रेल्वेने जाणार असाल तर डायलिसिससाठी प्रवास करणाऱ्या मूत्रपिंडाच्या रुग्णाला आणि त्याच्यासोबतच्या एका व्यक्तीला भाड्यात सवलत असते. त्यासाठी डॉक्टरांचे ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. ते आधी काढून ठेवा. आणि त्यांना विचारताना "याल का?" असे विचारू नका. "डायलिसिस शनिवारी सोलापुरात घ्यायचे की शुक्रवारी इथेच उरकून निघायचे?" असे विचारा. ठरवण्याचे काम त्यांच्याकडे राहू द्या.

दुसरी_पाळी | १४ जुलै, दुपारी ३.४०

शुक्रवारी इथे डायलिसिस घेऊन शनिवारी सकाळी निघणे सर्वांत सोयीचे होईल, कारण त्याच दिवशी प्रवास केला तर ते थकतील. रविवारी रात्री परतलात तर सोमवारची पाळीही चुकणार नाही. परतणे लांबणार असेल, तर सोलापुरातल्या केंद्राला किमान दोन आठवडे आधी फोन करा. ते कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचे ताजे रिपोर्ट मागतील. सोबत शेवटच्या तीन डायलिसिसच्या नोंदी, ठरलेले कोरडे वजन (जादा पाणी काढल्यानंतरचे), हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची मात्रा आणि औषधांची यादी द्या. योजनेतून तिथे एखादी पाळी मिळेल का हे तुमच्या केंद्रातल्या आरोग्यमित्रांना, म्हणजे योजनेच्या मदतनिसांना, विचारा. डावा हात जड सामान उचलण्यासाठी वापरू देऊ नका आणि त्या हातावर कोणालाही रक्तदाब मोजू देऊ नका. नोंदींची ती वही वडिलांच्याच पिशवीत राहू द्या, कारण तिथल्या सिस्टर पहिले प्रश्न त्यांनाच विचारतील.

घाटमाथा | १४ जुलै, रात्री ८.२५

विचारले. शुक्रवारी उरकून निघू, असे म्हणाले. तिकिटे काढतो.